पाळण्यातले पाय आणि पडद्यावरचे आकडे

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण आपण बहुधा मागाहून वापरतो. मूल मोठे होते, नाव काढते आणि मग कोणीतरी सांगते, आम्हाला तेव्हाच दिसले होते. पाळण्यात उठून दिसलेल्या, पण पुढे कुठेच न पोचलेल्या पायांची मोजदाद कोणी ठेवत नाही. गेल्या तीसेक वर्षांत संगणकावर आणि मग इंटरनेटवर रुजलेल्या एका खेळप्रकाराने मात्र ही म्हण अक्षरशः खरी मानली आणि तिच्यावर एक अख्खे जग उभे केले. या खेळांत आपण बॅट धरत नाही, चेंडूला लाथ मारत नाही. आपण संघाचे व्यवस्थापक असतो. खेळाडू निवडायचे, विकायचे, घडवायचे, आणि सामना मात्र दुरून पाहायचा. यात सर्वांत रस असतो तो कोवळी मुले हेरण्यात. कोण मोठा होईल, कोण नाही, यावर सगळा डाव लागलेला असतो.

साहित्याच्या वाचकाने याकडे का पाहावे? कारण हा खेळप्रकार मुळात एक कथनप्रकार आहे. एक नाव, एक वय, पंधरा-वीस आकडे एवढ्यावर खेळणारा माणूस मनात चरित्र रचतो. आणि प्रत्येक कथनप्रकाराप्रमाणे याचीही माणसाविषयी एक धारणा आहे. गुण कुठून येतो, तो कोणाला दिसतो आणि न दिसल्यास दोष कोणाचा, याची उत्तरे खेळाच्या नियमांतच लिहिलेली असतात. ती तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. तपासताना अंथुर्ण्यासारख्या गावातून पाहिले तर या आकड्यांचा कस वेगळा लागतो, असे मला वाटते.

१. धुके आणि धुक्याखालचा आकडा

पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्रज भावांनी तयार केलेला 'चॅम्पियनशिप मॅनेजर' १९९२ मध्ये बाजारात आला. पुढे त्याच घराण्यातून 'फुटबॉल मॅनेजर' निघाला. स्वीडनमध्ये १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'हॅटट्रिक'ने हाच प्रकार इंटरनेटवर आणला. तिथे समोरच्या संघाचा व्यवस्थापकही कुठल्यातरी देशातला खराखुरा माणूस असतो.

'फुटबॉल मॅनेजर'च्या पोटात प्रत्येक खेळाडूच्या नावावर दोन आकडे असतात. एक आजच्या क्षमतेचा आणि दुसरा तो जास्तीत जास्त किती वर जाऊ शकेल त्याचा. दोन्ही २०० पैकी. हे आकडे खेळणाऱ्याला दिसत नाहीत. त्याला दिसतात ते त्याने नेमलेल्या पारख्यांचे अहवाल. पारखी कच्चा असेल तर अहवाल चुकतो. एखाद्या मुलाला त्याने एक-दोनदाच पाहिले असेल, तर त्याचा गुण एका आकड्यात न येता आठ ते चौदा अशा पट्ट्यात येतो. जास्त वेळा पाहिले, जास्त पैसे खर्च केले, की पट्टा आखडतो. 'हॅटट्रिक'मध्ये युवा संघाचा हेर आठवड्याला एखाद्या मुलाची शिफारस करतो. घ्यायचा की सोडायचा हे जवळजवळ अंधारातच ठरवायचे. घेतल्यावर सरावातून आणि सामन्यांतून हळूहळू कळत जाते, की तो कोणत्या बाबतीत किती चढेल.

या रचनेचे श्रेय आधी द्यायला हवे. अनिश्चितता खेळायची गोष्ट आहे, हे या खेळांनी ओळखले. बाकीचे संगणकी खेळ खेळाडूला सगळे दाखवतात किंवा सगळे लपवतात. इथे अर्धवट माहितीला किंमत आहे, ती विकत घ्यावी लागते आणि घेऊनही पुरती हाती येत नाही. शिवाय इथे धीराला मोल आहे. 'हॅटट्रिक'मध्ये खेळाडूचे एक वर्ष म्हणजे आपले ११२ दिवस. सतरा वर्षांचा मुलगा सत्तावीसचा व्हायला १,१२० दिवस लागतात, म्हणजे तीन वर्षांहून थोडे जास्त. झटपट निकालाच्या काळात एखाद्या काल्पनिक मुलासाठी तीन वर्षे थांबणारी माणसे या खेळाने तयार केली, ही साधी गोष्ट नाही.

पण या रचनेच्या बुडाशी एक गृहीतक आहे. धुके कितीही दाट असो, त्याखाली एक खरा आकडा आहे, आधीपासून ठरलेला. पारख्याचे काम तो घडवण्याचे नाही, ओळखण्याचे. 'पारख' हा आपला शब्द 'परीक्षा'वरून आला आणि सोनाराच्या दुकानात मुरला. कसोटीच्या दगडावर सोने घासून कस पाहतात. घासल्याने सोन्याचा कस वाढत नाही, की घासले नाही म्हणून कमी होत नाही. हे खेळ सोनाराच्या नजरेने मुलांकडे पाहतात.

२. पहिल्या निवडीचा मोह

मुले घेण्याच्या रीती दोन. एक लिलावाची, जी आयपीएलमुळे आपल्या घराघरांत माहीत झाली. दुसरी 'ड्राफ्ट'ची, म्हणजे ठरलेल्या क्रमाने निवड करण्याची. गेल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याला पहिली निवड, विजेत्याला शेवटची. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये १९३६ पासून ही पद्धत आहे आणि बास्केटबॉलच्या ऑनलाइन व्यवस्थापन-खेळांनी ती तशीच उचलली. दुबळ्याला आधी वाढावे, असा तिचा पंक्तीतला न्याय आहे.

या न्यायात एक फसगत आहे. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी एनएफएलच्या निवडींचा अभ्यास करून दाखवले, की संघ वरच्या क्रमांकाच्या निवडीला तिच्या लायकीपेक्षा फार जास्त किंमत देतात. एकाच जागेवर खेळणाऱ्या मुलांपैकी आधी निवडलेला मुलगा त्याच्या लगेच मागून निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता अर्ध्याहून जेमतेम थोडी जास्त निघाली, म्हणजे जवळपास नाणेफेकीइतकीच. त्यामुळे पहिली निवड दुसऱ्याला देऊन बदल्यात खालच्या दोन-तीन निवडी घेणे बऱ्याचदा शहाणपणाचे ठरते. टॉम ब्रेडी २००० साली १९९वा निवडला गेला आणि पुढे त्या खेळातला सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक ठरला, हे उदाहरण तिकडे सगळ्यांच्या तोंडी असते. ऑनलाइन खेळांतले मुरलेले खेळाडू हाच हिशेब करतात. हेरगिरीचे सगळे पैसे एका मुलाची खात्री करण्यात घालायचे, की दहा मुलांकडे ओझरते पाहण्यात, हा त्यांचा कायमचा वाद. बहुतेक वेळा दहा मुलांचा पक्ष जिंकतो. आपली नजर एका मुलाबाबत जितकी पक्की वाटते तितकी ती नसते, हे त्यामागचे कारण.

आपल्याकडचे उदाहरण २००८ च्या मार्चमधले. आयपीएलच्या पहिल्या हंगामासाठी एकोणीस वर्षांखालच्या खेळाडूंची अशीच क्रमाने निवड झाली. पहिली संधी दिल्लीला होती. नुकताच मलेशियात विश्वचषक जिंकून आलेल्या संघाचा कर्णधार दिल्लीचाच होता, विराट कोहली. दिल्लीने त्याच संघातला डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान घेतला. कोहली बंगळूरला गेला. आज यावर हसणे सोपे आहे. पण दिल्लीकडे सेहवाग, गंभीर असे फलंदाज आधीच होते आणि गोलंदाजाची गरज होती. गरज पाहून घ्यावे की उपलब्ध मुलांतला सर्वोत्तम घ्यावा, हा प्रश्न तेव्हाही खुला होता आणि आजही आहे. निकालावरून निर्णयाला मूर्ख ठरवणे म्हणजे पुन्हा पाळण्याचीच म्हण मागून वापरणे.

पैसा ओतल्यानेही धुके विरत नाही. प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामात, २०२२ मध्ये, तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात तो जखमी होऊन हंगामाबाहेर गेला. त्याच संघात नवोदितांच्या योजनेतून आलेल्या नरेंदरने चढाईचे २४३ गुण मिळवले आणि संघ उपांत्य फेरीत पोचला. पुढच्या हंगामात तेलुगू टायटन्सने पवनला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले. तो खेळला, तरी संघ २२ सामन्यांत दोनच जिंकून तळाला राहिला. त्या हंगामाचे विजेते पुणेरी पलटण. त्यांनीही शादलूईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले होते, तेव्हा त्यांची गोष्ट फक्त पोरांच्या पारखीची म्हणता येणार नाही. पण संघाचा कणा अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे अशा संघातच वाढलेल्या तरुणांचा होता. इथवर व्यवस्थापन-खेळ आपल्याला जे शिकवतात ते खरे आहे, आणि थोडे नम्र करणारेही.

३. ६६४

आता गृहीतकाकडे येऊ. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या दोन मुलांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. शाळा एक, गुरू रमाकांत आचरेकर एकच, खेळपट्टी एक, समोरचे गोलंदाज तेच. पारख्याला यापेक्षा शुद्ध प्रयोग मिळणार नाही, आणि त्या दिवशीच्या आकड्यात कांबळी पुढे आहे.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. तेंडुलकर २०० कसोटी खेळला, कांबळी १७. पण एक आकडा सहसा कोणी सांगत नाही. कसोटीतली कांबळीची सरासरी ५४.२०, तेंडुलकरची ५३.७८. कांबळी शेवटची कसोटी खेळला तेव्हा तो २३ वर्षांचा होता. यावरून कांबळी मोठा होता असे सिद्ध करण्याचा माझा हेतू नाही. सतरा कसोटींची सरासरी आणि दोनशे कसोटींची सरासरी या एकाच पारड्यात घालायच्या गोष्टी नव्हेत. मुद्दा असा, की १९८८ च्या त्या दिवशी या दोन मुलांच्या पोटात दोन वेगळे 'कमाल' आकडे लिहिलेले होते, असे मानायला आधार काय? खेळ म्हणेल, होतेच. फक्त दिसत नव्हते. आणि त्यासोबत सातत्य, दडपण पेलण्याची ताकद, दुखापतीची शक्यता, व्यावसायिक शिस्त असे आणखी काही गुप्त आकडेही होते. 'फुटबॉल मॅनेजर'मध्ये हे गुण खरोखरच असतात. म्हणजे जिथे आकडा अपुरा पडतो तिथे उत्तर आणखी एक आकडा. घर, पैसा, निवड समितीचा कल, एका मोसमात मिळालेली किंवा न मिळालेली संधी हे सगळे बाहेरचे जग शेवटी मुलाच्या अंगात घुसवले जाते आणि त्याच्या 'स्वभावा'चे गुण बनते.

खेळाच्या निर्मात्यांना ही अडचण जाणवली असावी. कोवळ्या मुलांच्या बाबतीत ते अनेकदा निश्चित आकड्याऐवजी एक ऋण संकेत देतात. नवा डाव सुरू करताना त्या संकेताच्या पट्ट्यातून यंत्र एक आकडा काढते. त्यामुळे तोच मुलगा तुमच्या डावात महान होतो आणि शेजाऱ्याच्या डावात मधल्या फळीत राहतो. या खेळात मला सापडलेली ही सर्वांत प्रामाणिक जागा. पण तीही अर्ध्यावर थांबते. चिठ्ठी निघते ती डाव सुरू होण्याआधी. डाव सुरू झाला की कमाल पुन्हा ठरलेलीच.

या आकड्यांचे वजन खेळापुरते राहत नाही. इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबने २००८ मध्ये याच खेळाचा माहितीसाठा खऱ्या खेळाडूंच्या शोधासाठी वापरण्याचा करार केला. उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. मिलवॉलच्या युवा संघातला चेर्नो सांबा हा मुलगा २००१-०२ च्या 'चॅम्पियनशिप मॅनेजर'मध्ये जगातल्या थोर आघाडीवीरांपैकी एक होई. प्रत्यक्षात तो त्या उंचीच्या जवळपासही गेला नाही. आजही त्याचे नाव निघते ते खेळातल्या त्या आकड्यामुळे. त्याने खऱ्या मैदानावर जे आयुष्य खेळून काढले, ते त्या आकड्याच्या तुलनेत अपयश ठरते. एका खोलीत बसून कोणीतरी लिहिलेल्या अंदाजाने माणसाच्या खऱ्या कर्तृत्वाला असे उणे करावे, यात एक हिंसा आहे.

४. निवडच घडवते

खेळ जे अजिबात दाखवू शकत नाही ते असे, की निवड ही नुसती ओळख नसते, ती मदतही असते. ऋतुराज गायकवाडला चेन्नईने २०१८ च्या डिसेंबरातल्या लिलावात २० लाखांच्या मूळ किमतीला घेतले. २०२० मध्ये त्याचे पहिले तीन डाव ०, ५ आणि ० असे गेले. त्या क्षणी अहवाल लिहिणारा कोणताही पारखी पट्टा खाली सरकवेल. संघाने त्याला परत उतरवले. पुढचे तीन डाव नाबाद ६५, ७२ आणि नाबाद ६२. त्याच्या पुढच्या मोसमात ६३५ धावा करून त्याने सर्वाधिक धावांचा मान मिळवला. तीन डावांनंतर त्याला बसवले असते तर? तर तो आकडा 'होताच' असे म्हणायला कोणी उरले नसते, आणि पाच धावा हेच त्याचे खरे मोजमाप ठरले असते.

याहून मोठे उदाहरण खाशाबा जाधवांचे. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी निवडीत डावलले गेल्यावर त्याला दाद मागावी लागली आणि पुन्हा लढून जागा मिळवावी लागली. जागा मिळाली तर जायला पैसे नव्हते. गावोगावी वर्गणी झाली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

व्यवस्थापन-खेळात हेरगिरीसाठी ठरावीक रक्कम असते आणि ती खर्चून माहिती मिळते. खर्डेकरांना घर गहाण टाकून कोणतीही माहिती मिळाली नाही. धुके होते तितकेच राहिले. त्या पैशाने मिळाले ते प्रवासाचे तिकीट. पारख आणि पाठबळ या दोन गोष्टी खऱ्या जगात अशा एकमेकींत गुंतलेल्या असतात. खेळाने त्या वेगळ्या केल्या, कारण वेगळ्या केल्याशिवाय त्यांचा हिशेब मांडता येत नाही.

५. बारामतीच्या पुढचे धुके

बारामतीहून इंदापूरच्या वाटेवर अंथुर्णे लागते. नीरा डाव्या कालव्याचा हा ऊसपट्टा. एका अंगाला भवानीनगरचा छत्रपती कारखाना, दुसऱ्या अंगाला वालचंदनगर. आषाढात तुकोबांची पालखी बेलवाडीचे गोल रिंगण करून याच वाटेने अंथुर्ण्याला टेकते आणि पुढे निमगाव केतकीला जाते. या गावांना पारख नवी नाही. उलट, पारखीच्या तीन तऱ्हा इथे रोजच्या व्यवहारात आहेत, आणि त्या व्यवस्थापन-खेळांशी ताडून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली जनावरांच्या बाजारातली. पंढरपूरच्या कार्तिकी बाजारात खिलार खोंड घेणारा माणूस दात पाहतो. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला ही वयाची शिडी. मग खांदा, छाती, खूर, अंगावरचे भोवरे, चाल. सौदा रुमालाखाली बोटांनी होतो, म्हणजे किंमत शेजाऱ्यालाही कळत नाही. जितका खोंड लहान तितका तो स्वस्त आणि तितका जुगार मोठा. २०१४ मध्ये बंद झालेल्या बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये वाट मोकळी झाली आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हापासून या पारखीला पुन्हा भाव आला. ही पारख व्यवस्थापन-खेळांच्या सर्वांत जवळची. तरीही खोंड घेणारा जाणतो, की पुढचे सगळे खुराकावर आणि दावणीवर आहे.

दुसरी तऱ्हा यात्रेतल्या कुस्त्यांची. आखाड्याच्या कडेला पोरे लांग कसून उभी राहतात आणि जाणती माणसे जोड लावतात. वजन, उंची, कान, खांद्याची ठेवण, कोणत्या तालमीचा आणि कोणत्या वस्तादाचा. हा अंदाज काही क्षणांत होतो आणि बऱ्याचदा बरोबर येतो. पण त्या अंदाजाचा प्रश्न एवढाच असतो, की आज या दोघांची कुस्ती काट्याची होईल का. दहा वर्षांनी कोण कुठे असेल, हे जोड लावणारा सांगत नाही. उद्याचे काम तो तालमीवर सोपवतो.

तिसरी उसाच्या बेण्याची, आणि ती मला सर्वांत शिकवणारी वाटते. को ८६०३२ लावावा की पाडेगावचा फुले २६५, हा इथला नेहमीचा विषय. पण बेणे हाती घेऊन 'याचा उतारा किती' असे कोणी विचारत नाही. विचारले तर उलट प्रश्न येतो, रान कसले, पाणी किती, लागण कधीची. एकाच मळ्यातले बेणे दोन रानांत दोन उतारे देते, आणि यात शेतकऱ्याला कोडे वाटत नाही. सोनाराची पारख वस्तूत दडलेला कस शोधते. बेण्याची पारख वस्तू आणि रान यांचा मेळ शोधते. व्यवस्थापन-खेळांनी पहिली उचलली. माणसाच्या मुलाला दुसरी जास्त लागू पडते.

आणि इथेच खेळाचा सर्वांत मोठा दोष दिसतो. खेळातले धुके सगळ्या मुलांवर एका नियमाने पसरते. पैसे खर्चले की कोणत्याही मुलावरून ते हटते. खऱ्या जगात पुण्याच्या एखाद्या अकादमीतल्या मुलावर धुके विरळ असते आणि बारामतीच्या पुढे दाट होत जाते. त्या मुलाच्या गुणाचा अंदाज चुकतो असे नव्हे. त्याचा अंदाजच कोणी करत नाही. खेळाच्या माहितीसाठ्यात नसलेल्या मुलाला वाईट आकडासुद्धा मिळत नाही.

बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर लष्करात गेला, महार रेजिमेंटच्या पाचव्या तुकडीत. धावण्याच्या स्पर्धेत तो २०१५ पासून उतरला, लष्करातच. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य मिळवले. सुवर्ण हुकले ते पाच शतांश सेकंदांनी. चौदाव्या वर्षी त्याच्या नावावर कोणत्या पारख्याने काय लिहिले असते? त्याला शोधायला कोणी गेले नव्हते. तो पोटासाठी सैन्यात गेला आणि तिथे सापडला.

आपल्या राज्याने केलेला एक प्रयोग मात्र या संदर्भात आठवावा असा आहे. शासनाची क्रीडा प्रबोधिनी लहान मुलांना निवडते ती शारीरिक चाचण्यांवर. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये वडिलांमुळे तिथे दाखल झाला. आधी वर्षभर अंगमेहनत, आणि नंतर खेळाची निवड. त्याने नेमबाजी निवडली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात त्याने कांस्य जिंकले. मूल काय होईल हे लगेच ठरवायचे नाही, आधी त्याला रान द्यायचे, असा हा बेण्याच्या पारखीचा मार्ग. त्याचा आवाका लहान आहे, पण दिशा बरोबर आहे.

६. निवडणाऱ्याची खुर्ची

अंथुर्ण्याच्या पट्ट्यातला तरुण 'हॅटट्रिक' खेळत असेल की नाही, हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही. त्याच्या हातातल्या मोबाइलमध्ये याच घराण्यातला एक धाकटा भाऊ पोचला होता, 'ड्रीम इलेव्हन'. हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी तो २००८ मध्ये मुंबईत सुरू केला, आयपीएलच्याच वर्षी. शंभर श्रेयांकांत अकरा खेळाडू बसवायचे. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. यात कौशल्य आहे असे पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्य की नशीब, हा भेद त्यात उरला नाही. पैशांच्या स्पर्धा लगोलग थांबल्या.

कायद्याच्या बऱ्यावाइटात न शिरता या खेळाकडे रूप म्हणून पाहू. व्यवस्थापन-खेळाला भविष्यकाळ होता. 'ड्रीम इलेव्हन'ने तो कापून टाकला. इथे कोवळा मुलगा नाही, वाढ नाही, हेर नाही. प्रसिद्ध खेळाडूंची आजची किंमत लिहिलेली आहे आणि रात्री अकरापर्यंत निकाल. पारखीतला धीर गेला आणि पैज उरली. 'हॅटट्रिक'वाला तीन वर्षे थांबत होता. इथे तीन तास पुरतात. दोन्हींना एका नावाने ओळखणे आणि एका मापाने मोजणे हा टीकेचा आळस होईल.

पण दोन्हींचा मोह एकच आहे, आणि तो गावाकडून पाहिला की स्पष्ट दिसतो. ज्या मुलाकडे पाहायला कधी कोणी आले नाही, त्याला हा खेळ निवडणाऱ्याच्या खुर्चीत बसवतो. भरतीच्या मैदानावर छाती मोजून घ्यायला रांगेत उभा राहणारा पोरगा संध्याकाळी भारतीय संघातल्या फलंदाजाला वगळतो. हे सुख खोटे नाही. आयुष्यभर तपासले जाणाऱ्याला घटकाभर तपासनीस होता येते. मात्र खुर्ची मिळाली की नजरही तीच येते. जो निवडला गेला नाही त्याच्यात कस नव्हता, हे तो दुसऱ्यांबद्दल मानू लागतो, आणि मग स्वतःबद्दलही. या खेळांचे खरे मोल आणि खरा धोका मला इथे दिसतो. पैशाचे नुकसान कायदा थांबवू शकतो. 'माझ्या पोटातला आकडाच लहान होता' ही समजूत कायद्याच्या कक्षेत येत नाही.

या खेळप्रकारावर माझा निवाडा म्हणूनच दुहेरी आहे. अनिश्चिततेशी सभ्यपणे कसे वागावे, एका मुलावर सगळे न लावता दहांकडे कसे पाहावे, निकालावरून निर्णय का जोखू नये, हे त्याने लाखो लोकांना हसतखेळत शिकवले. एवढे तर आपल्या निवड समित्यांनीही शिकावे. पण त्याची माणसाविषयीची धारणा सोनाराची आहे, आणि ती सुधारणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. कमाल आकडा डावाच्या आरंभी न काढता वाटेत ठरू द्यावा, संधीगणिक, प्रशिक्षकागणिक, मोसमागणिक. मुलाकडे पाहायला कोणी गेले की त्या जाण्यानेच त्याच्यात काही बदलावे. नकाशाच्या काही भागांत धुके जास्त दाट असावे आणि तिथे जायला खर्च जास्त यावा. असा खेळ जिंकायला कठीण होईल, कारण तिथे दिसला नाही आणि नव्हता यांतला फरक शेवटपर्यंत कळणार नाही. तोवर यात्रेच्या आखाड्याकडे पाहावे. तिथे जोड लावणारा फक्त आजच्या कुस्तीचे बोलतो, आणि हरलेल्या पोराच्याही हातावर खुराकाला चार पैसे ठेवले जातात. ते पैसे देताना त्याचे पाय पाळण्यात कसे दिसत होते, हे कोणी विचारत नाही.